आधी संग्रह, मग यंत्र

अकोल्याच्या गांधी रोडवर किंवा अमरावतीच्या जयस्तंभ चौकाच्या आसपास, जेथे मोबाइल, चार्जर आणि इयरफोन यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत, तेथे गाणी ऐकण्याचे एखादे खिशात मावणारे यंत्र घ्यावयास आलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो ‘किती जीबीचा आहे?’ हा, आणि दुसरा विचारते तो ‘केवढ्याला?’ हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत; ज्याच्या गाठीचा पैसा जाणार त्याला ते विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु या दोहोंच्या आधी जो प्रश्न विचारावयास हवा, म्हणजे या यंत्रात आपण काय ऐकणार आणि ते ऐकणारा कोण, तो ना गिऱ्हाइकाच्या तोंडी येत, ना दुकानदाराच्या ध्यानी. परिणाम असा होतो की यंत्र आधी घरात येते, त्यात जे भरून मिळते तेच ऐकले जाते, आणि काही महिन्यांतच आपल्या श्रवणाचा सारा कारभार आपण न केलेल्या एका यादीच्या हाती जातो.

माझे प्रतिपादन असे आहे की या निवडीचा क्रमच उलटा झालेला आहे. संग्रह आधी ठरवावा, श्रोता त्यानंतर लक्षात घ्यावा, आणि या दोहोंची गरज जे भागवील ते यंत्र सर्वांत शेवटी घ्यावे. हा क्रम सर्वच मुलखांना लागू आहे. पण वऱ्हाडाला तो अधिक लागू आहे, कारण या भूमीत जे ऐकण्यासारखे आहे त्यातला फार मोठा भाग कोणत्याही कंपनीच्या तयार यादीत नाही. तो माणसांच्या कपाटांत, जुन्या कॅसेटींत, भजनी मंडळांच्या दप्तरांत आणि वृद्धांच्या कंठांत आहे.

ध्वनिमुद्रणाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर साधनाने आशयावर किती हुकमत गाजविली आहे हे सहज दिसून येते. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान हिचे गाणे मुद्रित झाले तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचा मजकूर मावत असे. तासभर विस्तारणारा ख्याल तेवढ्या अवकाशात बसविताना गवयांना आलाप आखडावा लागला, ताना आधी घ्याव्या लागल्या, आणि त्या तबकड्या ऐकून ज्यांचा कान तयार झाला त्या पिढीची गाण्याविषयीची अपेक्षाही त्याच मापाची झाली. पुढे १६ जुलै १९४८ रोजी नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांना स्वतःच्या बोलीच्या जवळचा आवाज आकाशमार्गे मिळू लागला. तथापि काय ऐकावयाचे आणि केव्हा ऐकावयाचे हे श्रोत्याच्या इच्छेवर नव्हते. रेडिओचा मोठा गुण असा की तो चारचौघांत ऐकला जाई. त्याची मर्यादा अशी की हुकलेला कार्यक्रम कायमचा हुकला.

ही मर्यादा ओलांडण्याचे सामर्थ्य सामान्य माणसाच्या हाती प्रथम दिले ते कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही लहानशी फीत १९८० नंतरच्या दशकात आपल्याकडे घरोघर पोहोचली, आणि तिच्याबरोबर एक असा अधिकार आला की ज्याचे महत्त्व आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. तो म्हणजे स्वतः मुद्रण करण्याचा अधिकार. तबकडी फक्त ऐकता येत असे. कॅसेटवर लाल बटण दाबून आपल्या गावचे भजन, आपल्या आजोबांचे कीर्तन, लग्नातली बायकांची गाणी टिपून ठेवता येऊ लागली. भीमजयंतीच्या रात्री वस्तीत झालेला गायनाचा सामना, श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखेतली खंजिरीभजने, पोळ्याला तोरणाखाली म्हटलेल्या झडत्या, भुलाबाईची गाणी, महादेवाच्या यात्रेला निघताना आळवलेली गाणी यांपैकी जे थोडेबहुत आज ऐकावयास उपलब्ध आहे, त्याचा पुष्कळसा भाग साठ किंवा नव्वद मिनिटांच्या अशाच फितींवर आहे. ज्या समाजांना मोठ्या कंपन्यांच्या दारात प्रवेश नव्हता त्यांनी या स्वस्त साधनाच्या बळावर आपला आवाज राखला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदली गेली पाहिजे.

१९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि कॅसेट खिशात गेली. एर्लांगेन येथील जर्मन संशोधकांनी सिद्ध केलेल्या ध्वनिसंकोचनाच्या पद्धतीला १९९५ साली एमपीथ्री हे नाव मिळाले. आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपल कंपनीने ५ जीबीच्या आयपॉडमध्ये एक हजार गाणी मावतील असे जाहीर केले. त्याच आयपॉडचे उत्पादन मे २०२२ मध्ये कंपनीने बंद केल्याचे घोषित केले. ज्या यंत्राने जगाची श्रवणपद्धती बदलली त्याचे आयुष्य अवघे साडेवीस वर्षांचे ठरले, तर १९९५ च्या त्या पद्धतीने केलेली फाइल आजही कोणत्याही स्वस्त यंत्रावर वाजते. यातून निघणारा निष्कर्ष मला निर्णायक वाटतो: यंत्रे अल्पायुषी असतात, संग्रह दीर्घायुषी होऊ शकतो, म्हणून जे टिकावयाचे आहे त्याची निगा आधी, आणि जे बदलावयाचेच आहे त्याची निवड नंतर.

आता वऱ्हाडच्या श्रोत्याने संग्रहात काय ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. परंतु ते ठरविताना असे ध्यानात येईल की प्रत्येक गानप्रकार, प्रत्येक भाषणप्रकार यंत्राकडून निराळी अपेक्षा करतो, आणि यंत्राच्या गुणदोषांची खरी परीक्षा त्या अपेक्षांच्या संदर्भातच होते.

खंजिरीचेच उदाहरण घेऊ. तुकडोजी महाराजांच्या हाती जी खंजिरी होती आणि मोझरीच्या गुरुकुंजापासून अमरावती जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांपर्यंत जिचा नाद पोहोचला, ती ऐकावयास साधी असली तरी मुद्रणाच्या दृष्टीने कठीण आहे. एमपीथ्री करताना ध्वनीचे बारीक तुकडे पाडले जातात. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्यातले ११५२ नमुने मिळून एक तुकडा, म्हणजे सेकंदाचा सुमारे अडतिसावा भाग. प्रत्येक तुकड्यातून कानाला जाणवणार नाही असा भाग कमी करण्यात येतो, आणि त्या काटछाटीने जी थोडी अशुद्धी उत्पन्न होते ती पसरते. सलग चाललेल्या स्वरात ती स्वराखाली झाकून जाते. पण क्षणभर शांतता असून एकाएकी चामड्यावर थाप पडली आणि चकत्या झणकारल्या, तर ती अशुद्धी थापेच्या अगोदरच्या शांततेतही सांडते, आणि थापेची जी धार तीच बोथट होते. या दोषावर उपाय योजलेले असतात, पण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठविलेल्या माहितीचे केबीपीएसमधले माप, फार कमी असेल तर ते पुरे पडत नाहीत. म्हणून बाजारात कार्डावर भरून मिळणाऱ्या, जागा वाचविण्यासाठी अतोनात दाबलेल्या भजनांत खंजिरी फरफरल्यासारखी ऐकू येते. श्रोता दोष देतो स्पीकरला, आणि दोष असतो फाइलमध्ये. खंजिरीची भजने २५६ केबीपीएसच्या आसपास ठेवली तर हा दोष सामान्य कानाला जाणवत नाही.

कीर्तनाची गरज याच्या उलट आहे. गाडगेबाबांचे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणूनच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला अमरावतीजवळ देह ठेवलेल्या त्या महापुरुषाचा अस्सल वऱ्हाडी आवाज आपल्याला ऐकता येतो. बाबा कीर्तनात सारखे प्रश्न विचारीत आणि समुदाय उत्तरे देई. तेव्हा त्या मुद्रणाचे सत्त्व शब्दांत, प्रश्नोत्तरांत आणि मधल्या विरामांत आहे, तंतुवाद्यांच्या सूक्ष्म झंकारांत नाही. अशा एकाच ध्वनिमार्गाच्या बोलण्याला ६४ केबीपीएस पुरेसे होतात आणि तासाला सुमारे २९ एमबीच जागा लागते. तेथे यंत्राकडून दुसरीच सोय हवी: दीड तासाचे कीर्तन चाळिसाव्या मिनिटाला थांबविले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले तर ते तेथूनच सुरू झाले पाहिजे. ज्या यंत्रात ही सोय नाही ते तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांसाठी केलेले आहे, कीर्तनासाठी नाही, मग त्याची क्षमता कितीही जीबीची असो.

तिसरे उदाहरण शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीचे. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचे अध्याय एकवीस. अकोला-बुलढाण्याकडील घरांत त्याचे पारायण जसे वाचून होते तसे डोळ्यांनी अधू झालेल्या माणसांकडून ऐकूनही होते. पारायणाचा प्राण क्रमात आहे. आता स्वस्त प्लेअरांपैकी कित्येकांची रीत अशी की फाइली नावाच्या क्रमाने न वाजविता त्या कार्डावर ज्या क्रमाने उतरविल्या गेल्या त्या क्रमाने वाजवाव्यात. आणि जे नावाच्या क्रमाने वाजवितात त्यांतले काही आकड्यांचा अर्थ न जाणता १ नंतर १०, मग ११, असे करीत १९ नंतर २ वर येतात. पहिला अध्याय संपताच दहावा सुरू झाला की ऐकणाऱ्या वृद्धेचे पारायण मोडते, आणि तिला त्याचे कारणही उमगत नाही. उपाय अगदी साधा आहे: फाइलींना ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत आणि त्या त्याच क्रमाने एकेक करून कार्डावर उतरवाव्यात. त्याचबरोबर यंत्राच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे नीट उमटतात की त्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात हे दुकानातच पाहून घ्यावे, कारण आपल्या लिपीत आपल्या गाण्याचे नाव दाखवू न शकणारे यंत्र मराठी श्रोत्याला अर्धेच उपयोगी आहे.

येथे ध्वनीच्या शुद्धतेविषयी चार शब्द बोलणे प्राप्त आहे, कारण या विषयात ग्राहकाची दिशाभूल सर्वांत अधिक होते. ‘हाय-रेझोल्यूशन’ या नावाखाली २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ असे मोठे आकडे सांगून महाग यंत्रे विकली जातात. मनुष्याच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ, आणि तीही तरुणपणी. वय वाढते तशी ती खाली येत जाते. सीडीची ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट ही मोजणी त्या मर्यादेचा विचार करूनच ठरविलेली आहे. मूळ प्रत जपून ठेवावयाची असेल तर एफएलएसीसारख्या, काहीही न गाळता आकार कमी करणाऱ्या पद्धतीचा अवलंब अवश्य करावा. परंतु ज्या संग्रहाचा मोठा भाग जुन्या कॅसेटींवरून आलेला आहे त्याला एवढ्या उच्च मोजणीचे यंत्र घेणे म्हणजे फितीची खरखर अधिक सूक्ष्मपणे ऐकणे होय. वाचलेला पैसा चांगल्या इयरफोनवर खर्च करावा. प्लेअर बदलून जेवढा फरक पडतो त्याहून कितीतरी अधिक फरक इयरफोन बदलून पडतो. आणि आवाज बेताचा ठेवावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा सांगितली आहे, आणि गेलेले कान परत मिळत नाहीत.

शुद्धतेहून अधिक विचार करावयाचा तो टिकाऊपणाचा आणि हाताळणीचा. वऱ्हाडचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि लिथियमच्या बॅटरीचा उष्णतेइतका दुसरा वैरी नाही. तापलेल्या पत्र्याखाली चार्जिंगला लावलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. जे यंत्र उघडून बॅटरी बदलता येते, आणि तीही कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारी असते, ते यंत्र दहा वर्षे चालते. जे चिकटवून बंद केलेले असते त्याचे आयुष्य बॅटरीबरोबर संपते. तसेच बटणांचे. कृषिपंपांना वीज पाळीपाळीने मिळते आणि कित्येकदा ती पाळी रात्रीची असते. हरभऱ्याच्या किंवा संत्र्याच्या ओलितासाठी अंधारात बांधावर उभ्या असलेल्या माणसाचे हात चिखलाचे असतात, डोळे पाण्याच्या धारेकडे असतात. त्याला स्पर्शाने ओळखू येणारी, दाबल्याचे बोटाला कळणारी चार बटणे हवीत. गुळगुळीत काच त्याच्या उपयोगाची नाही. वृद्धांच्या थरथरत्या बोटांनाही हाच न्याय लागू आहे. यंत्राची रचना कोणाचे हात डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे हे विचारणे म्हणजे श्रोता कोण हे विचारणेच होय.

श्रोता एक की अनेक, याचाही निर्णय करावयास हवा. तुकडोजी महाराजांनी ज्या सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला तिचा पायाच एकत्र बसण्यावर आहे. गाडगेबाबांचे कीर्तन उत्तर देणाऱ्या समुदायावाचून पुरे होत नाही. भीमगीत एकट्याने ऐकण्यासाठी रचलेले नसते. याउलट सुरेश भटांची गझल, त्यांचा जन्म १९३२ साली अमरावतीचाच, एकांतात इयरफोन लावून ऐकली तर शब्दांमागचा श्वासही कळतो. ज्या घराला दोन्ही हवे त्याने लहानसा स्पीकर अंगचाच असलेले आणि इयरफोनची तार लावण्याचे छिद्र शाबूत असलेले यंत्र पाहावे. ब्लूटूथ सोयीचे आहे खरे, पण त्यात ध्वनी पुन्हा एकदा दाबला जातो आणि सांभाळावयाची बॅटरी एकीच्या दोन होतात.

इतके झाल्यावर एक प्रबळ आक्षेप समोर उभा राहतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आक्षेप असा की आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, त्यात नेटवरून कोट्यवधी गाणी क्षणात मिळतात; मग निराळे यंत्र, निराळे कार्ड, निराळा संग्रह हा खटाटोप कशासाठी? ज्याचे ऐकणे चित्रपटगीतांपुरते आहे, ज्याच्या गावी नेटवर्क अखंड आहे आणि ज्याचा मोबाइल त्याच्या एकट्याचा आहे, त्याला हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो, आणि त्याने निराळे यंत्र घेऊ नये असेच मी सांगेन. परंतु धारणी-चिखलदऱ्याकडे मेळघाटात नेटवर्कचा भरवसा नाही. कित्येक कुटुंबांत मोबाइल एकच असतो आणि तो कमावत्या माणसाबरोबर सकाळी घराबाहेर पडतो, मागे राहतात ते म्हातारे आणि बायका, ज्यांना ऐकावयाला सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक आस्था असते. शिवाय मोबाइल हे शंभर कामांचे साधन असल्याने कीर्तनाच्या ऐन रंगात त्यावर फोन येतो, जाहिरात वाजते, संदेश ठणकतो. एकाच कामाला वाहिलेल्या यंत्रात अवधानाची जी हमी मिळते ती त्यात नाही. आणि ज्याला मोबाइलवरच ऐकावयाचे आहे त्यानेही, कार्डाची सोय असलेला मोबाइल घेऊन त्यात आपल्या फाइली ठेवाव्यात; मग तोच त्याचा प्लेअर झाला. माझा आग्रह यंत्राच्या आकारासाठी नाही, संग्रहाच्या मालकीसाठी आहे.

मालकीचा हा मुद्दा वऱ्हाडच्या माणसाला समजावून सांगावा लागू नये. ज्याने शेत मक्त्याने केले आहे तो घाम गाळतो, पीक घेतो, पण त्या शेतात संत्र्याचे झाड लावीत नाही, कारण पुढच्या सालाचा करार होईल की नाही याची त्याला शाश्वती नसते. झाड लावतो तो ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो. मासिक वर्गणी भरून नेटवर ऐकणारा श्रोता अशा मक्तेदारासारखा आहे. वर्गणी थांबली की ऐकणे थांबते. कंपनीचा आणि मुद्रणाच्या धन्याचा करार संपला की कालपर्यंत असलेले गाणे आज यादीतून नाहीसे होते, आणि त्याविरुद्ध श्रोत्याची कोणत्याही दप्तरी दाद लागत नाही. अशा श्रवणात पीक मिळते, फळबाग होत नाही. मुलानातवंडांच्या हाती सोपविता येईल असे त्यातून काही उरत नाही.

तयार गाणी भरून येणाऱ्या पेट्यांचा विचार येथेच केला पाहिजे. सारेगामा कंपनीने २०१७ साली कारवाँ नावाची पेटी आणली आणि तीत पाच हजार गाणी घातली. असंख्य वृद्धांना तिने सुख दिले, आणि मोठ्या बटणांचे शहाणपण तिने बाजाराला पुन्हा शिकविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि ती गाणी एका कंपनीच्या भांडारातून निवडलेली आहेत. आपल्या गावच्या मंडळाचे भजन त्या निवडीत असणे शक्यच नाही. म्हणून अशी पेटी घेणाऱ्याने तिला पेनड्राइव्ह लावता येतो की नाही हे पाहावे. तेवढ्या एका छिद्रातून स्वतःचा संग्रह आत जाऊ शकतो, आणि मग ती पेटी खऱ्या अर्थाने घरची होते.

संग्रहाच्या बाबतीत न्यायाचाही एक प्रश्न आहे. दुकानात थोड्या पैशांत कार्ड भरून देण्याची जी वहिवाट पडली आहे तीत गायकाला, गीतकाराला, वादकाला एक छदामही पोहोचत नाही, आणि यात सर्वाधिक नुकसान होते ते आपल्याच मुलखातल्या लहान कलावंतांचे, ज्यांना दुसरे उत्पन्न नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राखला आहे, आणि गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षे चालतो. ज्यांचे मुद्रण विकत मिळते त्यांचे विकतच घ्यावे. ज्यांचे आपण स्वतः मुद्रण करतो त्यांची परवानगी घ्यावी आणि त्यांना प्रत द्यावी. आपण ज्याला आपला वारसा म्हणतो तो उभा करणाऱ्याचा हक्क बुडवून तो वारसा टिकविता येत नाही.

मग संग्रह करावा कसा? कपाटातल्या कॅसेटी आधी बाहेर काढाव्यात, कारण त्यांची मुदत भरत आली आहे; फितीवरचा चुंबकीय थर सुटत जातो आणि दमट पावसाळ्यात बुरशी धरते. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळवून त्याचे हेड स्पिरिटने पुसावे, आणि त्यातून तारेने थेट संगणकात मुद्रण घ्यावे. स्पीकरपुढे मोबाइल धरून घेतलेल्या मुद्रणात खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर कायमची मिसळते. पहिली प्रत काहीही न दाबता घ्यावी, ती दोन ठिकाणी ठेवावी, आणि ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपीथ्री करावी. या पद्धतीच्या पेटंटांचा अंमल २०१७ साली संपलेला असल्याने ती आता कोणाच्याही मेहेरबानीवर अवलंबून नाही. १२८ केबीपीएसने ३२ जीबीच्या कार्डात साडेपाचशे तासांहून अधिक ध्वनी मावतो. एका कुटुंबाचा, किंबहुना एका गावाचा संग्रह त्यात राहील. परंतु कार्डालाच तिजोरी समजू नये. ते हरवते, आणि वर्षानुवर्षे पडून राहिले तर त्यातला मजकूर विरूही शकतो. प्रत्येक मुद्रणाबरोबर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे, कारण नावगाव नसलेला आवाज दोन पिढ्यांनी पोरका होतो.

हे काम एकेकट्या कुटुंबाच्या मगदुरापलीकडचे वाटत असेल तर त्यासाठी संस्था आहेत. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी राहिली तिच्यात खेड्यांपर्यंतची वाचनालये आहेत. १९८३ साली अमरावतीस स्थापन झालेल्या आणि आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात मराठीचे आणि लोकसाहित्याचे अध्ययन चालते. तालुक्याच्या वाचनालयाने एक टेपरेकॉर्डर, एक संगणक आणि एक जाणता माणूस एवढी तरतूद केली, लोकांनी आपल्या कॅसेटी आणून द्याव्यात आणि जाताना मूळ कॅसेटीसह तिची प्रत घेऊन जावे अशी रीत घातली, तर दहा वर्षांत वऱ्हाडचे असे एक श्राव्य दप्तर तयार होईल की ज्याची बरोबरी कोणतीही कंपनी करू शकणार नाही. कोरकू बांधवांची गाणी, भुलाबाईची गाणी, झडत्या, जात्यावरच्या ओव्या हे सारे त्यात यावे, आणि मुखत्यारी ज्यांची गाणी त्यांच्याच हाती राहावी.

ज्याला हे पटेल त्याला दुकानात उभे राहून निवड करणे जड जाणार नाही. कार्ड बदलता येते का, बॅटरी बदलता येते का, थांबविलेले कीर्तन तेथूनच सुरू होते का, देवनागरी दिसते का, बटणे अंधारात ओळखता येतात का, स्पीकर आणि इयरफोन दोन्ही चालतात का, एवढे सहा प्रश्न त्याने विचारावेत, आणि आपल्या संग्रहातली एक खंजिरीची आणि एक बोलण्याची फाइल कार्डावर नेऊन ती तेथेच वाजवून पाहावी. या कसोटीला उतरणारे यंत्र पुष्कळदा स्वस्तातले असते. उद्या ते बिघडले किंवा त्याची निर्मिती बंद झाली तरी त्याच्या मालकाचे यत्किंचितही नुकसान होणार नाही. कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घातले की काम भागले. श्रोत्याचे खरे स्वातंत्र्य यातच आहे की कोणतेही यंत्र त्याला सोडून गेले तरी त्याचा संग्रह त्याच्यापाशी राहावा, आणि तो त्याच्या पुढच्या पिढीला हक्काने मिळावा.